कॅमेरा घडवणारा चित्रकार : बाबूराव पेंटर

आपल्या हॉस्टेलच्या एका रूममध्ये तीन पार्टनर राहत असतील तर त्या रूममध्ये कमीत कमी सहा कॅमेरे असतात. प्रत्येकाच्या फोनला एक पुढे, एक मागे. काहींच्या मागे तर तीन-तीन! गॅदरिंग असो, बर्थडे असो की ट्रेक, आपण दिवसभर शूटिंग करत असतो. पण त्या कॅमेऱ्याच्या आत काय चालतं हे विचारलं तर आपल्यापैकी बहुतेकांची पंचाईत होईल. तो बिघडला की आपण नवा घेतो. उघडून बघायचं म्हटलं तरी तो उघडत नाही.

म्हणूनच या अंकासाठी अशा एका माणसाबद्दल लिहावंसं वाटलं, ज्याने शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा चक्क स्वतः तयार केला. तोही मुंबई-कलकत्त्यात नाही, तर कोल्हापुरात. आणि गंमत म्हणजे हा माणूस इंजिनिअर नव्हता, चित्रकार होता. कात्रजच्या घाटातून रोज कोल्हापूरच्या कितीतरी गाड्या जातात. आपल्याला त्या गावाची आठवण होते ती तांबडा-पांढरा रस्सा, कुस्ती आणि चपलांमुळे. त्याच गावाला कलापूर का म्हणतात, याचं अर्धं उत्तर या एका माणसात आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर!

बाबूरावांचं खरं आडनाव मेस्त्री. ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव मेस्त्री हे हरहुन्नरी कारागीर होते. सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम, कशालाही हात घालायचे आणि ते जमवायचे. त्यामुळे करवत, कानस, छिन्नी ही हत्यारं बाबूरावांच्या लहानपणीची खेळणीच म्हणायची. कुठल्याही आर्ट स्कूलची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. चित्रकला आणि शिल्पकला ते आपापलेच शिकले. त्यांच्या जोडीला चुलतभाऊ आनंदराव होते. तेही तितकेच तयारीचे चित्रकार. दोघांच्या कामामुळे लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडलं.

तो काळ संगीत नाटकांचा होता. नाटकाच्या मागे राजवाडा, जंगल, रस्ता असे रंगवलेले भलेमोठे पडदे लागायचे. १९१० ते १९१६ या काळात असे पडदे रंगवण्यात आनंदराव-बाबूराव या जोडीचं नाव सगळ्या पश्चिम भारतात झालं. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसारखी नाटक मंडळी त्यांच्याकडून पडदे करून घ्यायची. म्हणजे धंदा उत्तम चालला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर दोघेही वेल सेटल्ड होते.

आणि मग १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

तो बघून दोघेही भाऊ सिनेमाने झपाटले. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं मशीन आणलं होतं. त्यांच्याही आधी, १८९० च्या दशकात, सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवून मुंबईत कुस्तीचं चित्रीकरण केलं होतं. म्हणजे सिनेमा काढायचा तर विलायतेहून कॅमेरा आणायचा, हाच रस्ता होता. पेंटर बंधूंनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुना प्रोजेक्टर विकत घेतला.

आता प्रोजेक्टर तर सिनेमा दाखवण्याचं यंत्र. त्यावरून कॅमेरा कसा समजणार? इथेच खरी मजा आहे, आणि मेकॅनिकलवाल्यांना ती लगेच कळेल.

सिनेमाची फिल्म यंत्रातून सरळ धावत नसते. ती थांबत थांबत जाते. एक चित्र खिडकीसमोर येतं, क्षणभर स्थिर राहतं, मग झटकन पुढे सरकतं आणि दुसरं येतं. सरकताना ते दिसू नये म्हणून एक फिरती चकती, म्हणजे शटर, तेवढा वेळ उजेड अडवते. प्रोजेक्टरमध्ये हे थांबणं-सरकणं एका चार खाचांच्या चाकाने होतं. थिअरी ऑफ मशिन्सच्या पुस्तकात जिनिव्हा मेकॅनिझम आहे ना, तेच हे! ड्रायव्हर एक पूर्ण फेरा मारतो तेव्हा खाचांचं चाक पाव फेरा फिरतं आणि बाकीचा वेळ गप्प उभं राहतं. त्याच शाफ्टवर सोळा दात्यांचं स्प्रॉकेट असतं. पाव फेऱ्यात चार दाते पुढे, आणि ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चित्राला प्रत्येक बाजूला चारच भोकं. हिशेब बरोबर जुळतो. परीक्षेसाठी आपण ही आकृती पाठ करतो, पण ती शोधली कशासाठी आणि वापरली कुठे, हे कुणी विचारत नाही.

कॅमेऱ्यात हे काम बहुतेक वेळा छोटा पंजा करतो. तो भोकात शिरतो, फिल्म ओढतो, बाहेर येतो आणि वर जातो. पण तत्त्व तेच. फिल्मची रिळं, खिडकी, लेन्स, शटर आणि थांबत थांबत जाणारी फिल्म या गोष्टी दोन्हीकडे आहेत. फरक एवढाच की प्रोजेक्टरमध्ये दिव्याचा उजेड आतून बाहेर जातो आणि कॅमेऱ्यात बाहेरचा उजेड आत येतो. ल्युमिए बंधूंचं १८९५ चं यंत्र तर कॅमेरा म्हणूनही चालायचं आणि प्रोजेक्टर म्हणूनही. त्यामुळे ज्याला प्रोजेक्टर नीट कळला त्याला कॅमेऱ्याचा निम्मा अभ्यास झालाच. पेंटर बंधू सिनेमे दाखवू लागले, सिनेमे बघू लागले आणि त्याचबरोबर स्वतःचा कॅमेरा जुळवण्याच्या मागे लागले.

या कामात पुढाकार आनंदरावांचा होता. पण १९१६ साली, कॅमेरा पुरा व्हायच्या आधीच, आनंदराव गेले. ज्याच्याबरोबर रोज काम केलं, स्वप्न बघितलं, तो भाऊच गेला आणि अर्धवट यंत्र तेवढं मागे राहिलं. त्यातच पहिलं महायुद्ध चालू होतं. बाबूरावांनी पुन्हा पडद्यांचा धंदा धरला असता तर त्यांना कुणीच नावं ठेवली नसती.

त्यांनी तसं केलं नाही. आनंदरावांच्या हाताखाली शिकलेले विष्णुपंत दामले आता बाबूरावांच्या बरोबर उभे राहिले. दामले मूळचे पेणचे. ते चित्रकार होतेच, पण यंत्राचंही त्यांना चांगलं डोकं होतं. दोघांनी मिळून काम पुढे नेलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला.

हे किती अवघड असेल याचा अंदाज यायला थोडं गणित करू. फिल्मवरच्या चित्राची रुंदी साधारण २४ मिलिमीटर. पडदा साडेचार मीटर रुंद धरला तर चित्र जवळजवळ १९० पट मोठं होतं. म्हणजे कॅमेऱ्यात एखादं चित्र आपल्या जागेवरून मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं जरी हललं, तरी पडद्यावर ते जवळजवळ दोन सेंटिमीटर उडी मारतं! दर सेकंदाला अशी सोळा चित्रं. वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब करताना आपला गॅप कधी अर्धा मिलिमीटर येतो आणि आपण वर सरांशी वाद घालतो. तसं इथे चालणार नव्हतं. शिवाय पेटी अशी हवी की उजेडाचा एक किरणही आत शिरता कामा नये, नाहीतर सगळी फिल्म काळवंडून वाया.

कॅमेऱ्याला मोटार नसायची. हाताने हँडल फिरवायचं. एका फेऱ्यात आठ चित्रं, म्हणून सेकंदाला दोन फेरे. शटर निम्मा वेळ बंद असेल तर एका चित्राला सेकंदाचा बत्तिसावा भाग एवढाच उजेड मिळतो. एका फुटात सोळा चित्रं, म्हणजे हजार फुटांचं रीळ सोळा मिनिटं चाळीस सेकंदांत संपतं. तेवढा वेळ हात घड्याळासारखा फिरला पाहिजे. हात मंदावला तर पडद्यावरची माणसं पळायला लागतात, हात घाईने फिरला तर ती रेंगाळतात.

लेन्स ही मात्र लेथवर होणारी गोष्ट नाही, कच्ची फिल्मही नाही. फिल्म तर आपल्याकडे परदेशातूनच यायची. पण लेन्स मिळाली म्हणजे काम झालं असं नसतं. ती फिल्मपासून नेमकी किती अंतरावर बसवायची, हा खरा प्रश्न असतो. त्यात जराशी चूक झाली की लांबचं सगळं धूसर. हा प्रश्न आजही तसाच आहे. हल्ली आपल्यातले काही फोटोग्राफीवाले जुन्या झेनिट नाहीतर प्रॅक्टिका कॅमेऱ्याची स्क्रूची लेन्स नव्या मिररलेस बॉडीवर बसवतात. जुन्या लेन्सला फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटर अंतर लागतं. सोनीच्या ई माउंट बॉडीत ते फक्त १८ मिलिमीटर आहे. म्हणून मध्ये जवळजवळ साडेसत्तावीस मिलिमीटरची रिंग लागते. ती रिंग आज तयार मिळते. बाबूराव आणि दामल्यांना असं प्रत्येक अंतर स्वतः शोधावं लागलं असणार.

याच सुमारास, १९१७-१८ मध्ये, कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. पैशाची मदत केली ती गायिका तानीबाई कागलकरांनी. एका बाईने, तेही त्या काळात, अशा बेभरवशाच्या धंद्यात पैसे घालावेत ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आपण हिरो-हिरोइनची नावं लक्षात ठेवतो, तानीबाईंचं नाव मात्र फारसं कुठे येत नाही. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांचाही कंपनीला आधार होता. दामल्यांबरोबर फत्तेलाल आले, ते कागलचे. सगळे त्यांना साहेबमामा म्हणायचे. १९२० मध्ये शांताराम वणकुद्रे नावाचा एक पोरगेला मुलगा आला आणि पडेल ते काम करू लागला. तेच पुढचे व्ही. शांताराम!

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. १९२० साली तो पुण्यात आर्यन सिनेमात लागला. मंडईजवळच्या ज्या आर्यन पार्किंगमध्ये आपण गणपतीच्या खरेदीला गेलो की गाडी लावायला जागा शोधतो, तिथेच हे थिएटर होतं. कोल्हापुरात केलेल्या कॅमेऱ्याने घेतलेला सिनेमा पुणेकरांनी तिथे पाहिला. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम पुरुषाने केलं होतं. ‘सैरंध्री’त मात्र गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रियांनी कामं केली. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी होती. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य गेले.

बाबूराव मुळात चित्रकार असल्यामुळे कॅमेऱ्याकडे बघण्याची त्यांची रीत वेगळी होती. ज्या माणसाने आयुष्यभर नाटकाचे पडदे रंगवले, त्यानेच सिनेमातून रंगवलेले पडदे काढायला सुरुवात केली! भिंती, खांब, दारं खरीखुरी उभी करून त्यात माणसं वावरली पाहिजेत, हे त्यांनी आणलं. शूटिंगच्या आधी ते पोशाखांची आणि पात्रांच्या हालचालींची स्केचेस काढायचे. शिवाय त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही. लाल शालू पडद्यावर काळा यायचा आणि निळं आकाश पांढरं पडायचं. म्हणजे रंगांचं जे काही ज्ञान कमावलं होतं ते चित्रकाराला पुन्हा शून्यापासून शिकावं लागायचं.

१९२३ साली त्यांनी ‘सिंहगड’ काढला. K.2.S. म्हणजे कात्रज ते सिंहगड नाइट ट्रेक केलेल्यांना या चित्रपटाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. जुन्या बोगद्यापासून निघाल्यावर टेकड्या मोजता मोजता पहाटे गडाचे दिवे दिसतात, तेव्हा जीव कसा भांड्यात पडतो! तानाजी मालुसऱ्यांची ती लढाई रात्रीचीच. पण त्या वेळी सिनेमे दिवसाउजेडी, सूर्याच्या भरवशावर घेतले जायचे. बाबूरावांनी या चित्रपटासाठी विजेचे दिवे लावून शूटिंग केलं. आपल्या देशातला कृत्रिम प्रकाशाचा हा पहिला मोठा वापर मानला जातो. गोष्ट ह. ना. आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून घेतली होती आणि शेलारमामा झाले होते शांताराम.

दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, ‘सावकारी पाश’ आला. याची गोष्ट ना. ह. आपट्यांची. (आधीचे हरि नारायण, हे नारायण हरि. तोंडी परीक्षेत गोंधळ नको!) सगळीकडे देव, राक्षस आणि राजे-महाराजे चालू असताना बाबूरावांनी एका कर्जबाजारी शेतकऱ्याची गोष्ट घेतली. सावकार त्याची जमीन गिळतो आणि त्याला पोटासाठी गिरणीत जावं लागतं. शेतकरी झाले होते शांतारामच. अंधुक उजेडातली एक झोपडी आणि तिच्याजवळ भेसूर रडणारा कुत्रा हे त्यातलं दृश्य बघणाऱ्यांच्या वर्षानुवर्षं लक्षात राहिलं. चित्रपट मूक होता, तरीही! कर्जापायी शेतकऱ्याचं काय होतं हे आपण आजही पेपरात वाचतो, त्यामुळे तो विषय काही जुना झालेला नाही.

जाहिरातही ते स्वतः करायचे. चित्रपटाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका त्यांनी काढल्या आणि पोस्टर्स आपल्या हाताने रंगवली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं त्यांचं पोस्टर प्रसिद्धच आहे.

इथपर्यंत वाचून वाटेल की सगळं कसं छान चाललं होतं. पण बाबूरावांच्या स्वभावाची दुसरी बाजू होती. ते मनस्वी कलावंत होते, व्यवहार आणि वेळापत्रक ही त्यांची बाजू नव्हती. मनासारखं होईपर्यंत काम हातावेगळं करायचं नाही, मग वेळ लागो. इकडे हाताखालची माणसं तयार झाली होती. १९२७ मध्ये शांतारामांनी ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित केला, १९२८ मध्ये दामले-फत्तेलालांनी ‘महारथी कर्ण’. शेवटी १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांना बरोबर घेऊन कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. गुरूची कंपनी त्यानंतर फार तग धरू शकली नाही. १९३१ मध्ये तर बोलपट आले आणि मूकपटांचं जगच संपलं.

ज्या दामल्यांबरोबर कॅमेरा जुळवला तेच निघून गेले तेव्हा बाबूरावांना काय वाटलं असेल? आनंदरावांनंतर हा दुसरा हात सुटला. पण शिष्यांकडून बघितलं तर त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. ज्याला काम येतं त्याला ते आपल्या पद्धतीने करून बघावंसं वाटणारच. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला आली. १९३६ चा दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. आज लॉ कॉलेज रोडला प्रभातच्या त्याच जागेत एफटीआयआय आहे. तिथे देशभरातली मुलं कॅमेरा शिकायला येतात. या सगळ्याची मुळं शोधत गेलं तर आपण पोचतो ते कोल्हापुरात, दोन पेंटरांनी चोरबाजारातून आणलेल्या त्या प्रोजेक्टरपाशी.

बाबूराव त्यानंतरही थांबले नाहीत. ‘उषा’ (१९३५), ‘सावकारी पाश’ पुन्हा बोलपट रूपात (१९३६), ‘प्रतिभा’ (१९३७) असे चित्रपट त्यांनी केले. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’च्या वेळी तर गुरू बाबूराव आणि शिष्य शांताराम पुन्हा एकत्र आले. उरलेला वेळ त्यांनी आपल्या मूळ कामाला, म्हणजे चित्रं आणि शिल्पांना दिला. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं.

वाईट याचं वाटतं की त्यांचे बहुतेक मूकपट आज बघायला मिळत नाहीत. नायट्रेटची फिल्म लवकर पेटायची, नाहीतर कुजून जायची. ‘सैरंध्री’ गेला, १९२५ चा ‘सावकारी पाश’ही गेला. कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळ कॅमेरा मानस्तंभ आहे, तो त्यांच्या कंपनीची आठवण म्हणून उभा आहे. कधी महालक्ष्मीच्या दर्शनाला गेलात तर पाच मिनिटं काढून तोही जरूर बघा.

जाता जाता आपल्याबद्दल थोडं. फायनल इयरचं प्रोजेक्ट आलं की रेडीमेड प्रोजेक्ट कुठे मिळेल याची चौकशी सुरू होते हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. पैसे दिले की मॉडेलही मिळतं, रिपोर्टही मिळतो आणि मार्कही पडतात. बाबूरावांना कॅमेरा विकत मिळाला असता तर कदाचित त्यांनीही तो घेतला असता, आणि चांगले सिनेमेही काढले असते. पण मग यंत्र आतून समजलेली दामल्यांसारखी माणसं तयार झाली असती का, याची मला शंका वाटते. तेव्हा या सेमिस्टरला निदान एक बंद पडलेली वस्तू, जुना कॅमेरा म्हणा, टेपरेकॉर्डर म्हणा, रूमवर आणा आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसा. जोडताना दोन स्क्रू उरले तरी चालतील. वर्कशॉपचे सर मदतीला आहेतच!